बोल्ट जुळले म्हणजे कार्बोरेटर जुळला असं नाही

दिवाळीपासून एकच मजकूर फोनवर फिरतोय. मला तो जालन्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यानं पाठवला, परभणीच्या एका डॉक्टरांनी पाठवला (त्यांच्या वाड्यात वडिलांच्या वेळची फार्गो उभी आहे), आणि शेवटी आमच्याच गॅरेजात शिकणाऱ्या पोरानं कौतुकानं वाचून दाखवला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्यातला ऐवज सांगतो. आधी तीन शब्द: कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग; मॅनिफोल्ड म्हणजे ती मिसळ सिलिंडरांकडे नेणारा (इनटेक) किंवा जळका धूर बाहेर नेणारा (एक्झॉस्ट) बिडाचा फाटा; जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. जुन्या पेट्रोल ट्रकसाठी ओरिजिनल कार्बोरेटर शोधत फिरू नका. खालचे बोल्ट जुळले की कोणताही कार्बोरेटर कोणत्याही मॅनिफोल्डवर चालतो. इंजिनाचे सीसी सारखे असले की मॅनिफोल्डही एकमेकांचे बसतात. बिडावर उठवलेला नंबर जुळला तर डोळे झाकून घ्या. बोल्ट नाहीच जुळले तर मधे पट्टी टाका. कार्बोरेटर जितका मोठा तितकी ताकद जास्त. उरलंसुरलं जेटवर जमतं. आणि जुना मॅनिफोल्ड घरात ठेवून काय करायचं, भंगारात घाला.

यातलं एखादं वाक्य अर्धं खरं आहे, तेही सांगतो. पण सगळं मिळून हा सल्ला इंजिन बिघडवणारा आहे, आणि एका ठिकाणी तर जिवावर बेतणारा आहे. मला याची तळमळ का, तर आपल्या मराठवाड्यात या गाड्या आता फार थोड्या उरल्या. युद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलमधून आलेल्या शेवरलेट आणि फोर्ड, कुर्ल्याला प्रीमियरनं जुळवलेल्या डॉज आणि फार्गो, महिंद्राच्या विलीज, पुढे जबलपूरच्या कारखान्यातून लष्करासाठी निघालेल्या आणि लिलावात सुटलेल्या निसान वन-टन. पेट्रोल परवडेना तेव्हा यातल्या कितीतरी गाड्यांची इंजिनं उतरवून डिझेल चढवलं गेलं. ज्या मूळ इंजिनावर राहिल्या, त्या कोणीतरी जिवापाड जपल्या म्हणून राहिल्या. त्यांचं इंजिन असल्या सल्ल्यानं हातचं जाऊ नये.

“खालचे बोल्ट जुळले की कार्बोरेटर जुळला”

जुन्या अमेरिकी ट्रकांच्या एका घशाच्या (हवा जाते त्या एकाच नळीच्या) कार्बोरेटरला खाली दोन बोल्टांची फ्लँज, म्हणजे बसवायची चपटी कड, असते. तिची मापं ठरलेली आहेत. त्यातली दोन आपल्याकडे सारखी भेटतात. एका मापात दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर २ ११/१६ इंच, म्हणजे ६८.३ मिलिमीटर. दुसऱ्यात २ १५/१६ इंच, म्हणजे ७४.६ मिलिमीटर. फरक पाव इंचाचा. नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही. कार्बोरेटर हातात धरला की दोन्ही सारखेच वाटतात.

आता हा पाव इंच आपले लोक कसा भरून काढतात? कानस मारून. कार्बोरेटरची भोकं लांबट करतात आणि स्टडवर (मॅनिफोल्डमधून वर आलेल्या बोल्टांवर) दाबून बसवतात. म्हणून कोणताही जुना कार्बोरेटर हातात आला की मी आधी भोकं बघतो. भोक गोल असेल तर ठीक. भोक लांबट झालेलं असेल आणि आत कानशीचे ओरखडे दिसत असतील, तर हा कार्बोरेटर या फ्लँजचा नव्हता आणि कोणीतरी जबरदस्ती केली, हे तिथंच समजतं.

भोकं खरोखर जुळली तरी पुढचा प्रश्न घशाचा. मोठ्या फ्लँजच्या कार्बोरेटरचा घसा मॅनिफोल्डच्या तोंडापेक्षा रुंद असतो. वरून येणारी हवा-पेट्रोलची मिसळ मॅनिफोल्डच्या काठावर आपटते. पेट्रोलचे थेंब त्या पायरीवर साचतात आणि रेस कमी केली की एकदम आत ओघळतात. गाडी चौकात उभी असताना मधेच घुरघुरते, काळा धूर सोडते, परत ठीक होते. मालक म्हणतो फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) खराब आहे. फ्लोट बदलून बदलून थकतात, आणि दोष मात्र खालच्या पायरीत असतो.

तेव्हा बोल्टांबरोबर किमान तीन मापं घ्या. घशाचा व्यास बटरफ्लायपाशी (पॅडलनं उघडणाऱ्या गोल झडपेपाशी), मॅनिफोल्डच्या तोंडाचा व्यास, आणि घशाच्या आतला सगळ्यात अरुंद भाग, ज्याला व्हेंच्युरी म्हणतात. साधा व्हर्नियर पुरतो.

बोल्टांवरून आठवलं, आट्यांचं सांगून टाकतो. या अमेरिकी मॅनिफोल्डचे स्टड इंची आट्यांचे असतात. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि आपल्या दुकानात मिळणारा बोल्ट ८ मिलिमीटरचा. जाडी जवळजवळ सारखी, म्हणून बोल्ट दोन फेरे हातानं जातो आणि मग अडतो. अडला की मिस्त्री पान्याला पाइप लावतो. आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वेगळी असल्यानं बोल्ट बिडाचे आटे चिरत आत जातो. पुढच्या वेळी तो स्टड धरतच नाही, मग वेल्डिंग, मग मॅनिफोल्डला चीर. दोन फेऱ्यांनंतर बोल्ट जड लागला की तिथंच थांबायचं आणि पिच गेज लावायचं.

“सीसी सारखे, तर मॅनिफोल्डही सारखाच”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं झालंय, म्हणून इथं जरा थांबतो.

डॉज आणि फार्गोचं सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्ये असलेलं) इंजिन घ्या. २१८ घनइंचाचं इंजिन म्हटलं की लोकांना वाटतं ते एकच आहे. तसं नाही. अमेरिकेत बनलेल्या २१८ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ १/४ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४ ३/८ इंच. कॅनडात बनलेल्या २१८ चा बोअर ३ ३/८ इंच आणि स्ट्रोक ४ १/१६ इंच. गुणाकार करून बघा, दोन्हीकडे २१८ च येतात. पण ब्लॉक वेगळा आहे. अमेरिकी ब्लॉक आखूड, ज्याला जाणकार तेवीस इंची म्हणतात. कॅनडाचा लांब, पंचवीस इंची. सिलिंडर लांबवर पसरलेले, म्हणून बाजूची पोर्टं (मिसळ आत जाण्याची आणि धूर बाहेर पडण्याची तोंडं) लांबवर, म्हणून मॅनिफोल्डही लांब. आखूड ब्लॉकचा मॅनिफोल्ड लांब ब्लॉकला लावायला गेलात तर मधलं पोर्ट जुळेल आणि टोकाची दोन्ही आत सरकलेली दिसतील. युद्धकाळात कॅनडाच्या गाड्या कॉमनवेल्थच्या फौजांकडे मोठ्या संख्येनं गेल्या, त्यामुळे आपल्याकडे दोन्ही जातींशी गाठ पडते. माझ्या हातून दोन्ही गेल्या आहेत.

ओळखायचं कसं? फीत घ्या आणि सिलिंडर हेडची लांबी मोजा. बस. जवळपास तेवीस-साडेतेवीस इंच आली तर आखूड, पंचवीस आली तर लांब. बॉनेट उघडल्यावर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते न करता एका गृहस्थांनी बाहेरून हजारो रुपयांचा मॅनिफोल्ड मागवला. इंजिनाला टेकवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. विकणाऱ्यानं विचारलं होतं, “दोनशे अठराच ना?” यांनी हो म्हटलं. दोघंही खरं बोलत होते.

दुसरं उदाहरण विलीजचं, आपल्या घरचंच. जुन्या विलीजचं एल-हेड इंजिन आणि नंतरचं एफ-हेड, दोन्ही १३४ घनइंचाची, सुमारे २२०० सीसी. बोअर तोच, स्ट्रोक तोच. पण एल-हेडमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात आणि इनटेक मॅनिफोल्ड वेगळा, बाजूला बोल्टांनी आवळलेला असतो. एफ-हेडमध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि इनटेकचा मार्ग हेडच्याच बिडात ओतला गेला. कार्बोरेटर थेट हेडवर बसतो. म्हणजे एफ-हेडला सुटा इनटेक मॅनिफोल्ड नसतोच! तरी आमच्याकडे माणूस येतो आणि म्हणतो, “भाऊ, एफ-हेडचा इनटेक मॅनिफोल्ड द्या, सीसी तेच आहेत.” नसलेला पार्ट तो गावोगाव शोधत असतो. इंजिन वरून उंच झालं म्हणूनच त्या जीपचं बॉनेट उंच करावं लागलं, तीच आपली महिंद्राची उंच नाकाची जीप. नुसत्या नाकावरून इंजिन ओळखू नका मात्र, कारण इतक्या वर्षांत इंजिनांची अदलाबदल भरपूर झाली आहे. कार्बोरेटर कुठे बसलाय ते बघा. हेडच्या डोक्यावर असेल तर एफ-हेड, बाजूच्या मॅनिफोल्डवर असेल तर एल-हेड.

आता उलटं. शेवरलेटचं २१६ आणि २३५, दोन्ही सहा सिलिंडरची, वरच्या व्हॉल्व्हची. सीसी वेगळे, तरी इनटेकच्या पोर्टांची मांडणी एकच. हेडला इनटेकची तीन तोंडं, प्रत्येक तोंड दोन सिलिंडरांना पुरवणारं, आणि एक्झॉस्टची चार. यांचे मॅनिफोल्ड बहुतेक वेळा एकमेकांवर बसतात. म्हणजे सीसी सारखे असून मॅनिफोल्ड बसत नाही, आणि सीसी वेगळे असून बसतो. सीसीचा आणि मॅनिफोल्डचा सरळ संबंधच नाही. संबंध आहे तो पोर्टांच्या जागेशी, आकाराशी आणि स्टडांच्या जागेशी.

शेवरलेटच्या बाबतीत एक बारीक गोष्ट सांगतो, ती हमखास विसरली जाते. मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामध्ये इनटेकच्या तोंडात पातळ पोलादी रिंगा असतात. मॅनिफोल्ड बरोबर मध्यावर बसावा म्हणून त्या ठेवलेल्या असतात. जुना मॅनिफोल्ड काढताना त्या काजळीत चिकटून हेडमध्येच राहतात किंवा मॅनिफोल्डबरोबर निघून जातात. नवा मॅनिफोल्ड रिंगांशिवाय बसवला तर तो एखाद-दोन मिलिमीटर खाली बसतो, गॅस्केटची कड उघडी पडते आणि तिथून हवा धरते, म्हणजे बाहेरची हवा आत ओढली जाते.

“बिडावर उठवलेला नंबर जुळला की डोळे झाकून घ्या”

नंबर बघा, जरूर बघा. पण डोळे उघडे ठेवून.

बिडावर उठून दिसणारा नंबर हा ओतकामाचा. तो कच्चा तुकडा कोणत्या साच्यातून आला तेवढं तो सांगतो. त्यानंतर मशीनवर त्याच कच्च्या तुकड्यातून वेगवेगळी भोकं पाडून वेगवेगळे पार्ट निघू शकतात. घशाचं बोअरिंग, व्हॅक्यूमचं (इंजिनाच्या ओढीचं) भोक, चोकच्या नळीची जागा, हे सगळं नंतरचं. म्हणून तोच नंबर असलेल्या दोन तुकड्यांत एकाला व्हॅक्यूमची वाट असते आणि दुसऱ्याला नसते.

शेवरलेटच्या ब्लॉकवर तारखेची खूणही असते. एक इंग्रजी अक्षर महिन्याचं, जानेवारीला पहिलं अक्षर या हिशोबानं, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा एकच आकडा. शेवटचा आकडा २ असेल तर ते १९४२ की १९५२? एवढ्या खुणेवरून सांगता येत नाही. बाकीच्या खुणा बघाव्या लागतात.

कार्बोरेटरचं तर आणखी अवघड. कार्टर कंपनी वरच्या झाकणाच्या स्क्रूखाली छोटा पितळी बिल्ला लावायची. खरी ओळख त्या बिल्ल्यावर. सत्तर वर्षांत तो स्क्रू किती जणांनी उघडला असेल? बिल्ला पडतो, कोणी उचलत नाही. उरतो तो अंगावरचा ओतकामाचा नंबर, आणि तो तर एकाच मालिकेतल्या कितीतरी कार्बोरेटरांवर सारखाच असतो. जेट कोणतं, मीटरिंग रॉड कोणता, हे त्यातून कळत नाही. शिवाय वरचं झाकण एकाचं, मधलं अंग दुसऱ्याचं, खालची फ्लँज तिसऱ्याची, असे तीन मिळून केलेले कार्बोरेटर मी टेबलावर मोकळे केले आहेत. तिन्ही भागांवरचे नंबर खरे असतात, कार्बोरेटर मात्र कधीच कोणत्या गाडीला लागलेला नसतो.

छत्रपती संभाजीनगरात ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद कोणताही पार्ट आला की तो उलटा करून खालचा चेहरा बघायचे आणि म्हणायचे, “नंबर बाद में पढ़ना बेटा, पहले नापो.” जुनं गॅस्केट ते कधी फेकू द्यायचे नाहीत. त्याचं कारण मला पुढे समजलं. गॅस्केटवर दोन्ही बाजूंना काजळीचा छाप पडलेला असतो. एका बाजूला हेडच्या पोर्टाचा, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डच्या तोंडाचा. गॅस्केट उजेडात धरा. दोन्ही छाप एकावर एक बसले तर जोडी जुळलेली होती. एका बाजूला चंद्रकोरीसारखी काळी कड सरकलेली दिसली, तर तिथं पोर्ट झाकलं जात होतं. गॅस्केट नसेल तर जाड पुठ्ठा हेडवर दाबून काजळीचा ठसा घ्या आणि तोच पुठ्ठा मॅनिफोल्डवर ठेवून बघा.

“बोल्ट नाहीच जुळले तर पट्टी टाका”

जिवावर बेतणारी गोष्ट ती ही.

तीनेक वर्षांपूर्वी अंबडकडचे एक मोसंबी बागायतदार त्यांची शेवरलेट घेऊन आले. दुसऱ्या एका गॅरेजात तिला एका मोटारीचा दोन घशांचा कार्बोरेटर बसवून दिला होता, मधे लोखंडी पट्टी टाकून. गाडी गावात नीट चालली. मग ते कन्नडच्या घाटात गेले. चढावर पॅडल पूर्ण दाबलं आणि वळणावर सोडलं, तर इंजिन कमीच होईना. रेस तशीच. पुढे एसटी. बागायतदारांनी प्रसंगावधान राखून चावी बंद केली आणि गाडी गिअरमध्येच ठेवून थांबवली, म्हणून निभावलं.

मी कार्बोरेटर उतरवला. पट्टीच्या भोकाच्या काठावर नखाएवढी चकचकीत अर्धचंद्राची खूण होती. बटरफ्लाय पूर्ण उघडली की तिची खालची कड फ्लँजच्या खाली उतरते. पट्टीचं भोक घशापेक्षा थोडं लहान होतं. कड त्या काठावर जाऊन अडकत होती, आणि परत आणणाऱ्या स्प्रिंगमध्ये तिला सोडवण्याइतका जोर नव्हता. गावात पॅडल कोणी पूर्ण दाबत नाही, म्हणून दोष घाटातच उघड झाला.

पट्टी कधीच टाकू नये असं मी म्हणत नाही. ट्रकांमध्ये कंपनीनंच कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधे गव्हर्नर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारे) बसवलेले असायचे, तीही एक प्रकारची मधली पट्टीच. पण ती मापून केलेली. तुम्हाला करायचीच असेल तर ॲल्युमिनियमची करा, भोक वर कार्बोरेटरच्या मापाचं आणि खाली मॅनिफोल्डच्या मापाचं ठेवा, मधे उतार द्या, पायरी ठेवू नका. बोल्ट आवळण्याआधी बटरफ्लाय हातानं पूर्ण उघडून-मिटून बघा आणि आवळल्यावर परत बघा, कारण गॅस्केट दबलं की अंतर बदलतं. बॉनेट लागतं का बघा. पॅडलची काडी कोणत्या दिशेनं ओढते आणि कार्बोरेटरचा हात कोणत्या दिशेनं फिरतो ते बघा. हे जुळत नसेल तर पट्टी टाकून उपयोग नाही.

खालून वर आणि वरून खाली यातही गल्लत होते. १९३० च्या दशकातल्या काही ट्रकांना आणि पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांना कार्बोरेटर मॅनिफोल्डच्या खाली लटकलेला असतो आणि मिसळ वर चढते. त्याच्या मॅनिफोल्डवर वरून खाली वाहणारा कार्बोरेटर उलटा करून बसवता येत नाही. फ्लोटची वाटी आडवी-तिरकी झाली की पेट्रोलची पातळीच राहत नाही. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

“मोठा कार्बोरेटर, जास्त ताकद”

हिशोब करून बघू. शेवरलेटचं २१६ म्हणजे साडेतीन लिटरचं इंजिन. पूर्ण ताकद देतं सुमारे ३,३०० फेऱ्यांवर. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या पोटाएवढी हवा घेतं. साडेतीन लिटर गुणिले १,६५० म्हणजे मिनिटाला साधारण ५,८०० लिटर. जुन्या इंजिनाचं पोट काही पूर्ण भरत नाही, पाऊण धरा. म्हणजे साडेचार हजार लिटरच्या आसपास. कार्बोरेटरांच्या बाजारात चालणाऱ्या मापात ते १५५-१६० सीएफएम (मिनिटाला घनफूट) होतात. यावर तुम्ही ३५० सीएफएमचा कार्बोरेटर लावलात तर इंजिन जास्त हवा ओढणार कुठून? त्याचं पोट तेवढंच आहे.

उलट नुकसान होतं. कार्बोरेटर पेट्रोल ढकलत नाही. अरुंद व्हेंच्युरीतून हवा जोरात गेली की तिथला दाब उतरतो आणि त्या उतरलेल्या दाबामुळे पेट्रोल वर येतं. घसा रुंद केला की कमी फेऱ्यांवर हवा रेंगाळते, दाब उतरत नाही, पेट्रोल थेंबाथेंबानं येतं. भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये उचलताना पिकअप जातो, क्लच जळतो. ट्रकला ताकद लागते ती खालच्या फेऱ्यांवर. म्हणून त्या काळच्या इंजिनिअरांनी घसा लहान ठेवला, तो काही कंजुषी म्हणून नव्हे.

जे त्या मजकुरात नाहीच

दोन गोष्टींचा त्यात उल्लेखही नाही, आणि जुळणीचं अर्धं काम त्यांच्यात आहे. एक व्हॅक्यूम, दुसरी उष्णता.

फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ वर दोन नावाजलेले कार्बोरेटर येतात. स्ट्रॉमबर्ग ९७ आणि फोर्डचाच ९४. नावातला आकडा व्हेंच्युरीचा, म्हणजे ०.९७ इंच आणि ०.९४ इंच. दोघांनाही खाली तीन बोल्ट, दोघेही एकमेकांच्या जागी बसतात. त्या मजकुराच्या हिशोबानं काम झालं. पण ९४ मध्ये जास्तीचं पेट्रोल सोडणारा पॉवर व्हॉल्व्ह मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो, आणि ९७ मध्ये तेच काम पंपाची काडी करते. १९४९ पासूनच्या फोर्ड व्ही-८ मध्ये तर डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाला) वजनांचं ॲडव्हान्स, म्हणजे वेग वाढला की ठिणगी लवकर टाकणं, नाहीच. सगळं ॲडव्हान्स कार्बोरेटरमधून येणाऱ्या व्हॅक्यूमवर. त्या इंजिनावर ९७ बसवला, बोल्ट झकास जुळले, तरी डिस्ट्रिब्युटरला हवा तो इशारा मिळत नाही. टायमिंग मागंच राहतं. इंजिन मरगळतं, तापतं, पेट्रोल पितं. मग मालक रेडिएटर उघडतो, पाण्याचा पंप बदलतो. कार्बोरेटरवर संशय कोणाचाच जात नाही, कारण तो तर “बरोबर बसलाय”.

उष्णतेचं असं. या सरळ सहा सिलिंडरांच्या इंजिनांत इनटेक मॅनिफोल्ड मधोमध एक्झॉस्टवर टेकलेला असतो. थंडीत पेट्रोलची वाफ व्हावी म्हणून एक्झॉस्टची ऊब तिथं दिली जाते. एक्झॉस्टमध्ये एक झडप असते, गुंडाळलेल्या धातूच्या पट्टीची स्प्रिंग आणि वजन असलेली. इंजिन तापलं की ती फिरते आणि धूर सरळ खाली सोडते. आपल्याकडे ही झडप बहुधा गंजून एकाच जागी बसलेली असते. थंडीच्या जागी अडकली असेल तर मे महिन्यात, पारा बेचाळीसला टेकलेला असताना, कार्बोरेटरच्या बुडाखाली शेगडी पेटलेली राहते. गाडी बंद केली की वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं, मग अर्धा तास चालू होत नाही. दुसऱ्या जातीचा इनटेक आणला आणि त्याची ही मधली खिडकी खालच्या एक्झॉस्टच्या खिडकीशी जुळली नाही, तर गरम धूर तिथून बाहेर फुंकला जातो. पेट्रोलच्या नळीपासून तो किती दूर आहे, ते प्रत्येकानं आपल्या गाडीत बघावं.

बसवतानाही क्रम आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट एकमेकांना जोडणारे मधले बोल्ट आधी सैलच ठेवायचे. दोन्ही मिळून इंजिनावर चढवायचे, इंजिनाकडचे नट मधून बाहेरच्या बाजूला हळूहळू आवळायचे, आणि मग मधले बोल्ट. टेबलावरच दोघांना घट्ट जोडून इंजिनावर ओढून बसवलं, तर कधी ना कधी एक्झॉस्टचा कान तडकतो. चढवण्याआधी तोंडांवर सरळ पोलादी पट्टी उभी धरून खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) घालून बघा. गेज जास्त आत शिरत असेल तर आधी सरफेस ग्राइंडिंग.

“उरलंसुरलं जेटवर जमतं”

जेटवर एक गोष्ट खरोखर जमते आणि ती आज गरजेची आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. जुन्या जेटवर इंजिन किंचित उपाशी चालतं, म्हणून जेट थोडं मोठं करणं बरोबर आहे. त्याच वेळी डायफ्रॅम आणि नळ्यांचं रबर बदला. फ्लोट कॉर्कचा असेल तर त्यावरचा लाखेचा लेप इथेनॉलमध्ये सुटतो आणि फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो. पितळी फ्लोट घाला.

पण जेट फक्त मुख्य वाटेचं पेट्रोल ठरवतं. गॅस्केटमधून हवा धरत असेल, बटरफ्लायचा शाफ्ट झिजून डुगडुगत असेल, मिसळ सहा सिलिंडरांत सारखी वाटली जात नसेल, तर जेट काय करणार? सहाही प्लग काढा आणि गोणपाटावर ओळीनं मांडा. सगळे एकसारखे तपकिरी असतील तर जोडी बरी आहे. मधले काळे (पेट्रोल जास्त) आणि टोकाचे पांढरेफटक (पेट्रोल कमी) दिसले, तर वाटप बिघडलंय. टोकाच्यांसाठी जेट मोठं केलंत तर मधले आणखी काळे होतील. हवा कुठून धरतेय ते बघायचं असेल तर रेस कमी ठेवून जोडावर ऑइलकॅननं इंजिन ऑइलचा एकेक थेंब सोडा. जिथं थेंब आत ओढला जाईल आणि इंजिनाचा आवाज बदलेल, तिथं गळती. पेट्रोल शिंपडून बघणारे आहेत. तापलेल्या एक्झॉस्टवर ते करू नका, हात जोडून सांगतो.

“जुना मॅनिफोल्ड भंगारात घाला”

जालन्यात भंगार गेलं की ते भट्टीत जातं. तिथल्या स्टीलच्या कारखान्यांना भंगार लागतंच, त्यांचा तो धंदा आहे. भट्टीत गेलेला मॅनिफोल्ड सळई होऊन बाहेर येतो आणि कोणाच्या तरी स्लॅबमध्ये जातो. या मॅनिफोल्डांचं ओतकाम कंपन्यांनी कधीच बंद केलं. तडकलेलं बीड सांधता येतं. तडकेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून चीर पुढे सरकणं थांबवायचं, सगळा तुकडा सावकाश गरम करायचा, निकेलच्या रॉडनं थोडं थोडं भरायचं, आणि राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर हळूहळू थंड होऊ द्यायचा. घाईनं वाऱ्यावर ठेवला तर शेजारीच नवी चीर पडते. इनटेकला तर पितळेचं ब्रेझिंगही चालतं, तिथं उष्णता कमी असते.

तुमचा मॅनिफोल्ड तुमच्या गाडीचा नाही असं कळलं तरी तो कोणाचा तरी आहे. हेडची लांबी, पोर्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरं, फ्लँजच्या भोकांचं अंतर आणि घशाचा व्यास खडूनं त्याच्यावरच लिहून ठेवा, आतून तेलाचा हात फिरवा आणि गोणपाटात बांधा. माझ्याकडे पंचवीस इंची डॉजचा एक इनटेक असाच बांधून ठेवलेला आहे, खिडकीपाशी जुनी तडक आहे पण सांधलेली. परभणीच्या डॉक्टरांना मी कळवलंय. त्यांनी रविवारी फार्गोचं बॉनेट उघडून हेडला फीत लावायची आहे. तेवीस आले तर हा त्यांचा नाही, मग ज्याचे पंचवीस येतील त्यानं माप घेऊन यावं.